वरचा जबडा ठरलेला आहे

सोमवारी सकाळी साडेदहाला मी माझ्या थोरल्या साडूंच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर भूल न देता उपटला.

उपटायचा नव्हता. मला फक्त पंखा साफ करायचा होता. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, बिस्किटाएवढी चौकोनी चकती. तिच्या डोक्यावर तापू नये म्हणून पंखा बसवलेला असतो आणि दोघांच्या मध्ये पांढरा लेप. हा लेप चार-पाच वर्षांत वाळून सरसासारखा चिकटतो, ही माहिती मला नंतर मिळाली. मी पंख्याच्या खिट्ट्या काढल्या, त्याला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. हलेना. मग मी भिंतीला पाय लावला.

टक्.

थोरले पलीकडच्या टेबलावर मेणात दाढ बसवत होते. आवाज ऐकून त्यांनी मान वर न करता विचारलं, "मुळासकट आला का?"

आला होता. पंख्याच्या बुडाला प्रोसेसर चिकटून आला होता आणि त्याच्या पोटाच्या हजारावर सोनेरी टाचण्यांपैकी एका कोपऱ्यातल्या आठ-दहा आडव्या झोपल्या होत्या.

"हात लावू नका. हे मेण थंड झालं की आलोच," थोरले म्हणाले.

आता कुणी हात लावू नका म्हटलं की माझे हात शिवशिवतात. हा आमच्या घराण्याचा दोष आहे. मी त्यांच्या टेबलावरचा बारीक चिमटा उचलला आणि टाचण्या सरळ करायला घेतल्या. पहिली सरळ झाली. दुसरीही झाली. मला वाटलं, आपण उगाच ऑफिसात पाणीपट्टीच्या तक्रारींना उत्तरं लिहीत आयुष्य घालवलं. तिसरी तुटली. चौथी, तिसरी तुटल्याच्या धक्क्यानं तुटली.

थोरले आले, डोळ्याला भिंग लावून त्यांनी प्रोसेसर उन्हात धरला आणि बराच वेळ पाहिला. "वाकलेल्या मी सरळ केल्या असत्या," ते म्हणाले. "तुटलेल्याला इलाज नाही. माणसांचंही तेच आहे."

एवढंच. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

*

थोरले कवळ्या बनवतात. म्हणजे दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडात हात घालतात, फोटो काढून भिंतीवर लावतात, आणि दात मात्र घडतात थोरल्यांच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. बाहेरच्या खोलीत प्लास्टर, मेण, गॅसची शेगडी आणि घासून चमक आणायचं यंत्र. आतल्या खोलीत कॉम्प्युटर आणि छतापर्यंत शेल्फ. शेल्फवर प्लास्टरचे जबडे. शहरातल्या निम्म्या प्रतिष्ठित लोकांची तोंडं तिथं उघडी पडलेली आहेत. प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीनं नाव असतं. एका न्यायाधीशांच्या शेजारी त्यांनीच आत टाकलेला माणूस आहे, आणि त्याचे दात जास्त चांगले आहेत.

सतराव्या वर्षी ते या धंद्यात आले. उस्तादानं पहिले सहा महिने नुसतं प्लास्टर कालवायला लावलं. सातव्या महिन्यात एक सुळा कोरायला दिला आणि कोरून झाल्यावर तो चहात टाकून ढवळला. "आता नवीन कोर," म्हणाला. थोरले अजून हे कौतुकानं सांगतात. मी असतो तर उस्तादाच्या चहात दुसरं काहीतरी टाकलं असतं.

माझी आणि त्यांची पहिली भेट माझ्या लग्नाआधीची. बायकोकडची सगळी मंडळी माझी नोकरी, घर, शिक्षण विचारत होती. हे गृहस्थ कोपऱ्यात बसून मला खाताना बघत होते. निघताना दारात म्हणाले, "डाव्या बाजूनं चावता तुम्ही. उजवीकडची शेवटून दुसरी दाढ दाखवून घ्या." बाकी मुलीबद्दल, संसाराबद्दल एक शब्द नाही. दाढ खरंच किडलेली होती. पुढं ते मला 'धाकटे' म्हणू लागले आणि मी त्यांना 'थोरले'. माणूस समोर आला की ते आधी त्याचं तोंड बघतात आणि मग चेहरा. कित्येकदा चेहरा बघायचं राहून जातं. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर ओळखत नाहीत. तो हसला की ओळखतात.

*

साधा दिवस असता तर मी नवीन प्रोसेसर आणून देऊन माफी मागून मोकळा झालो असतो. पण तो साधा सोमवार नव्हता.

थोरल्यांचं तीन चतुर्थांश काम एका दवाखान्यातून येतं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण, हुशार आणि घाईत असतात. पूर्वी त्या रुग्णाच्या तोंडाचे ठसे घेऊन डब्यातून पाठवायच्या. यंदा त्यांनी एक कांडी घेतली. ती तोंडात फिरवली की जबडा थेट पडद्यावर उमटतो आणि फाइल होऊन निघतो. मोठ्या कारखान्यांना या फाइली लागतात. बाई थोरल्यांना म्हणाल्या होत्या, "काका, एक केस तुम्हाला फाइलवर देते. शुक्रवारी सकाळी अकराला दात तोंडात बसले, तर सगळं काम तुमच्याकडेच राहील. नाही बसले तर मला बाहेर द्यावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

थोरल्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांनी त्याआधीच दोन वर्षं गुपचूप कॉम्प्युटरवर दात काढायला शिकून घेतलं होतं आणि थरावर थर चढवून वस्तू घडवणारं एक छोटं यंत्रही कोपऱ्यात आणून ठेवलं होतं. केस होती बाजारात लिलाव पुकारणाऱ्या एका गृहस्थांची. वरचे दात त्यांचे स्वतःचे, खालचा जबडा साफ मोकळा. म्हणजे फक्त खालची पंगत बनवायची, पण ती वरच्याला बरोबर भिडली पाहिजे.

माझी मेव्हणी, म्हणजे थोरल्यांची बायको, जिला मी ताई म्हणतो, चहा घेऊन आत आली. माझ्या हातातला चिमटा, टेबलावरचा पंखा आणि नवऱ्याचा चेहरा पाहून तिनं कप फक्त एकाच्याच हातात दिला. तो एक मी नव्हतो.

"अहो, मग हातानं करा की," ती नवऱ्याला म्हणाली. "चाळीस वर्षं करताच आहात."

"ठसा घेतलेलाच नाही. जबडा फाइलीत आहे. फाइल उघडते या डब्यात. आणि डबा होता यांच्या हातात."

"मग धाकट्यांचा जबडा वापरा," ताई म्हणाली. "नाहीतरी सारखा चालू असतो."

मी घरी धावत जाऊन माझा लॅपटॉप आणला. त्यात फाइल उघडली. वीस मिनिटांनी पडद्यावर एक हिरडी दिसली. जरा फिरवून पाहावी म्हणून थोरल्यांनी बोट हलवलं तर लॅपटॉपनं विमान उडाल्यासारखा आवाज केला आणि डोळे मिटले. असं जड चित्र फिरवायला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. ते थोरल्यांकडे होतं. विटेएवढं, तीन पंख्यांचं. त्यांच्या लेकीनं पहिल्या पगारातून घेतलेलं. तिनं त्यावर दोन वर्षं राक्षस मारले, मग दुसऱ्या गावी नोकरी लागली तेव्हा बापाच्या डब्यात बसवून दिलं आणि "बाबा, आता तुम्ही दात मारा," म्हणून निघून गेली. कार्ड ठणठणीत होतं. माझा हात तिथवर पोचला नव्हता, एवढंच त्याचं नशीब.

"कार्डाला शोभेल असा प्रोसेसर मी शोधतो," मी म्हणालो. "चूक माझी, जबाबदारी माझी."

ताई म्हणाली, "दुसऱ्या कुणाची चूक नाही का मिळणार आपल्याला?"

*

मंगळवारी रजा टाकून मी अभ्यास केला. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची जोडी कशी जमवावी, यावर जगात इतके व्हिडिओ आहेत की ते बघणारे प्रोसेसर केव्हा घेत असतील देव जाणे. प्रत्येक व्हिडिओत एक माणूस तोंडाचा आ करून उभा असतो. नंतर थोरल्यांना दाखवले तेव्हा त्यांना त्यातल्या तीन जणांच्या दाढा किडलेल्या दिसल्या. सगळ्यांच्या बोलण्यात एक शब्द, बॉटलनेक. म्हणजे कार्ड ताकदीचं आणि प्रोसेसर कमकुवत असेल, तर प्रोसेसर धापा टाकतो आणि कार्ड रिकामं बसून नखं बघतं. उलटं असेल तर उलटं. अशा साइटही आहेत की कार्डाचं आणि प्रोसेसरचं नाव घातलं की ही जोडी किती टक्के अडेल ते सांगतात. एका साइटनं सांगितलं तीन टक्के. त्याच जोडीला दुसरीनं सांगितलं एकतीस. नवरा-बायकोचं पटेल का, हे त्यांच्या वजनावरून सांगावं, त्यातला प्रकार.

संध्याकाळी मी अकरा प्रोसेसरांची यादी घेऊन थोरल्यांकडे गेलो. रंगीत पेनांनी केली होती.

त्यांनी ती वाचली. "यातला माझं काम कुठला करेल?"

"सगळेच करतील तसे."

"मग अकरा कशाला?"

"अहो, फरक आहे ना! हा वरचा बघा, सोळा कोर. म्हणजे एका डोक्यात सोळा डोकी. हा गेममध्ये सेकंदाला दोनशे चित्रं दाखवतो. हा खालचा बिचारा एकशेसाठच."

"गेममध्ये जबडा आहे का?"

"नाही."

"मग ही यादी तुमच्याकडे राहू द्या. उद्या दुकानात जाऊ. मला घालून बघायचाय."

"प्रोसेसर काय चप्पल आहे घालून बघायला?"

"चप्पल चुकली तर पाय दुखतो," थोरले म्हणाले. "माझं शुक्रवारी गिऱ्हाईक जातंय."

*

बुधवारी सकाळी आम्ही निघालो. मी डबा उचलायला पुढं झालो तर ताईनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि नवऱ्याच्या हातात दिला. माझ्याकडे दिली छत्री. ऊन होतं, पाऊस नव्हता; पण मला काहीतरी धरायला द्यायला हवं, हे तिला कळतं. ग्राफिक्स कार्ड थोरल्यांनी वेगळं काढून बुटांच्या खोक्यात कापूस घालून ठेवलं होतं. जागा उरली म्हणून त्याच खोक्यात वाटेत एका दवाखान्यात द्यायचे दोन जबडेही.

दुकान अरुंद होतं, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं आणि मध्ये एका माणसापुरती वाट. दुकानदार पस्तिशीचा, चष्मा कपाळावर, बोलायला तरतरीत.

"बोला काका. गेमिंग की एडिटिंग?"

"कवळी," थोरले म्हणाले.

दुकानदारानं चष्मा डोळ्यांवर घेतला. थोरल्यांनी खोकं उघडलं. कार्डाआधी जबडे वर आले. दुकानदार एक पाऊल मागं सरकला आणि त्याच्या मागं कपाट असल्यामुळं तिथंच थांबला.

मी मध्ये पडून सगळं समजावलं. माझ्या टाचण्यांचा भाग मी थोडक्यात आटोपला; थोरल्यांनी तो पुन्हा सविस्तर सांगितला. दुकानदार कार्ड उलटसुलट पाहून म्हणाला, "काका, चांगलं आहे, पण जुनं झालं. मी सांगतो ते करा. हे मला देऊन टाका, नवीन कार्ड घ्या, नवीन बोर्ड, म्हणजे हे सगळं ज्यात खोचतात ती पाटी, तीही घ्या, त्यावर टॉपचा प्रोसेसर. दहा वर्षं बघायला नको."

"वरचा जबडा ठरलेला आहे," थोरले म्हणाले. "त्याला हात लावायचा नाही. खालचं बोला."

"म्हणजे?"

"म्हणजे कार्ड लेकीचं आहे, ते राहणार. डब्यातला बोर्डही राहणार. या दोघांत बसणारे प्रोसेसर काढा. तीन काढा. एक लहान, एक मधला, एक मोठा. तुमच्या टेबलावर जोडा आणि माझ्या या कार्डावर माझी फाइल चालवून दाखवा."

"तीन-तीन? काका, असं कुणी करत नाही."

"चार हजार कवळ्या केल्या मी. एकही न लावता दिली नाही."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी छत्रीकडे पाहिलं. शेवटी तो हसला आणि उठला. वेडं गिऱ्हाईक हे शहाण्या गिऱ्हाइकापेक्षा मनोरंजक असतं, हे दुकानात बसणाऱ्याला कळतं.

जोडाजोड चालली असताना थोरल्यांनी खिशातून एक निळ्या कागदाची पट्टी काढली. कार्बनसारखा पातळ कागद. हा ते नेहमी जवळ बाळगतात, जसे इतर लोक रुमाल बाळगतात. "कवळी तोंडात बसवली की हा मध्ये ठेवतो आणि टकटक चावायला सांगतो," ते दुकानदाराला म्हणाले. "जिथं जास्त दाब, तिथं गडद डाग. सगळीकडे सारखा डाग पडला की समजायचं जोडी जमली. तुमच्याकडे असा कागद आहे का?"

दुकानदारानं माउस पुढं ओढला. मग म्हणाला, "आहे की." आणि त्यानं पडद्याच्या कडेला दोन आलेख उघडले. एक प्रोसेसर किती राबतोय त्याचा, दुसरा कार्ड किती राबतंय त्याचा. "हा घ्या तुमचा निळा कागद."

दिवसभर व्हिडिओ बघून मला जे उमगलं नव्हतं, ते या दोघांनी उभ्या-उभ्या एका पट्टीवर उरकलं. मला जरा रागच आला.

लहान प्रोसेसर लागला. फाइल उघडली. थोरल्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत खालचे दात वरच्यांना भिडवायची आज्ञा दिली. प्रोसेसरचा आलेख छताला टेकला, कार्डाचा जमिनीवर झोपला. जबडा फिरवला की झटके देत फिरायचा, थंडीत कुडकुडल्यासारखा. नऊ मिनिटं गेली.

"इथं गडद डाग," थोरले प्रोसेसरच्या आलेखावर बोट ठेवून म्हणाले. "पुढचा घाला."

मधला बदलायला वेळ होता, तेव्हा मी माझा मुद्दा रेटला. "मी सांगतो, सरळ मोठा घ्या. एकदाच घ्यायचा तर सगळ्यात भारी. त्यात वाईट काय आहे?"

थोरल्यांनी स्टूल माझ्याकडे वळवलं. "वाईट काय ते सांगतो. नवीन होतो तेव्हा एका गृहस्थांना मी असेच सगळ्यात भारी दात लावले. मोठे, शुभ्र, एकेक दात पाहत राहावा असा. उस्ताद गावाला गेला होता. गृहस्थ आरशात बघून खूष. घरी गेले आणि कळलं, ओठ मिटत नाहीत. दुसऱ्या दिवशी सासरे वारले. हा माणूस मयताला गेला आणि सगळी बत्तीशी दाखवत उभा राहिला. बायको रडतेय, हा हसतोय. मेहुणे जवळ आले, तरी हसतोय. त्यांनी ह्याला बाहेर नेलं."

"मग?"

"मग मी नवीन कवळी केली. मोफत. लहान दातांची. मेहुण्यांनी आधीच्या कवळीचे दोन दात पाडले होते, त्यामुळं ती मोडीत काढायला सोपी गेली."

दुकानदार हसता-हसता टेबलावर वाकला. "काका, मधला तयार आहे."

मधल्यावर तेच काम चार मिनिटांत झालं. दोन्ही आलेख मधल्या उंचीवर, एकमेकांना सोबत करत. जबडा लोण्यासारखा फिरला. थोरल्यांनी तो वर केला, खाली केला, आत डोकावून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण हातातली पट्टी त्यांनी घडी घालून खिशात ठेवली.

"मोठा पण बघूच," मी म्हणालो. आता माझ्या यादीची अब्रू त्या सोळा डोक्यांवर होती.

मोठा लागला. तीन मिनिटं पन्नास सेकंद. दहा सेकंदांचा फरक. दुकानदारानं आलेख वेगवेगळा करून दाखवला, तेव्हा सोळापैकी तीन-चार डोकी घाम गाळत होती आणि बाकीची हाताची घडी घालून उभी होती. आमच्या ऑफिसचा आराखडा कुणी काढून लावलाय असं मला वाटलं.

"हा कवळीचा प्रोग्राम एका वेळी दोन-चार डोक्यांनाच काम देतो," दुकानदार म्हणाला. मग धंद्याची आठवण येऊन पुढं म्हणाला, "पण काका, भविष्याचा विचार करा. पुढं प्रोग्राम जड होतील."

"भविष्यात माझी गिऱ्हाइकं म्हातारी होतील," थोरले म्हणाले. "तोंडात दात बत्तीसच राहतील. मोठ्याला वीज जास्त, पंखा मोठा, डबा तापणार. माझ्या खोलीत मेण आहे. मधला द्या."

दुकानदारानं आमचा बोर्ड ठेवून घेतला. या नव्या प्रोसेसरला ओळखण्यासाठी बोर्डाच्या आतला प्रोग्राम बदलावा लागतो, ते त्यानं तासाभरात करून दिलं. परत येताना थोरल्यांच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात बुटांचं खोकं, आणि मागून छत्री घेऊन मी. रस्त्यात मी म्हणालो, "माझ्या यादीतही तो होता बरं का. सातवा."

"होता का?" थोरले म्हणाले. "मग तुमच्याकडून निदान दहाच चुकले."

*

गुरुवारी सकाळी बसवणी. ताईनं मला खुर्ची दिली आणि म्हणाली, "हात मांडीखाली." मला वाटलं गंमत करतेय. ती उभीच राहिली. मी हात मांडीखाली घेतले.

थोरल्यांनी आधी टेबल ओल्या फडक्यानं पुसलं. प्रोसेसर कडेनं उचलला, कोपऱ्यावरची खूण बोर्डाच्या खुणेशी जुळवली आणि सोडला. दाबला नाही, सोडला. तो आपल्या वजनानं आत गेला. मग त्यांनी नवीन लेप घेतला आणि मेण सारवायच्या चपट्या सळईनं तो प्रोसेसरवर असा पसरला की पाणी वाटावं. पंखा ठेवला, दोन बोटांनी दाब दिला आणि लगेच पुन्हा उचलला.

"अहो, काय करताय?" मी ओरडलो. "लावलेला काढला?"

"ठसा बघतोय."

पंख्याच्या बुडावर लेपाचा ठसा उमटला होता. एक कोपरा कोरा होता. थोरल्यांनी सगळा लेप पुसून काढला, कोपऱ्यात किंचित जास्त घेऊन पुन्हा सारवला, पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. या वेळी ठसा पूर्ण आला. तिसऱ्यांदा लेप लावून त्यांनी पंखा कायमचा बसवला. कॉम्प्युटरवाले हे असं करतात का, मला ठाऊक नाही. पण चाळीस वर्षं लोकांच्या तोंडाचे ठसे तपासणाऱ्या माणसाला न बघता झाकण लावणं जमलंच नसतं. लेकीचं कार्ड शेवटी बसलं. बटण दाबलं. पडदा दोनदा काळा होऊन उजळला. ताईनं सोडलेला श्वास मला ऐकू आला.

मग थोरले सात तास उठले नाहीत. जेवण तिथंच. मी दोन वेळा सूचना करायला तोंड उघडलं. पहिल्यांदा त्यांनी माझ्या दाढांकडे पाहिलं आणि दुसऱ्यांदा ताईनं. पडद्यावर लिलाववाल्यांचा वरचा जबडा लटकला होता आणि खाली एकेक दात उभा राहत होता. प्रत्येक दात ठेवला की ते जबडा मिटवत, बघत, दात केसाएवढा सरकवत. संध्याकाळी पाचला कोपऱ्यातलं यंत्र गुरगुरू लागलं. सातला त्यातून खालची पंगत निघाली. थोरल्यांनी ती धुतली, घासली आणि हातात धरून उन्हाचा शेवटचा कवडसा होता तिथं नेली.

"बसेल?" मी विचारलं.

"तोंड सांगेल," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा बारीक वाटला.

*

शुक्रवारी अकराला पाच मिनिटं असताना आम्ही दवाखान्यात होतो; मी याही वेळी ताईनं दिलेल्या छत्रीसकट. लिलाववाले खुर्चीत आडवे, पोट वर. महिनाभर त्यांच्या वतीनं त्यांचा पुतण्या लिलाव पुकारत होता आणि त्यांच्या मते बाजार रसातळाला चालला होता. डॉक्टरीणबाईंनी कवळी उलटसुलट पाहिली आणि ती त्यांच्या तोंडात बसवली.

थोरल्यांनी खिशातून निळी पट्टी काढली. "चावा. टकटक."

टकटक. टकटक. पट्टी काढली. सगळीकडे फिकट निळे ठिपके आणि डावीकडच्या एका दाढेवर जाड काळपट डाग.

मी बाईंकडे पाहिलं. बाई घड्याळाकडे बघत होत्या. थोरल्यांनी कवळी काढली, बारीक फिरत्या दगडाला ती दाढ एकदा, फक्त एकदा टेकवली, फुंकर मारली आणि परत बसवली.

टकटक.

सगळे ठिपके सारखे.

"आता बोला काहीतरी," बाई म्हणाल्या.

लिलाववाले उठून बसले. त्यांनी घसा साफ केला, दवाखान्यातल्या खुर्चीच्या हातावर थाप मारली आणि भिंती हलतील अशा आवाजात सुरू झाले, "बोला बोला! खुर्ची आहे डॉक्टरीणबाईंची, बसणारा रडतो, उठणारा हसतो! काय देता? साहेब, छत्रीवाले, तुम्ही बोला!" बाहेर थांबलेला एक रुग्ण घाबरून घरी गेला.

बाई हसल्या. मग थोरल्यांकडे वळल्या. "काका, पुढच्या आठवड्यात चार फाइली पाठवते. आणि ते बाहेरच्या कारखान्याला मी नाही म्हणून कळवते." मग त्यांनी विचारलं, "माझाही कॉम्प्युटर हळू चालतो हो. तुम्ही प्रोसेसर कुठला बसवलात?"

"मधला," थोरले म्हणाले.

*

परत आलो तर ताईनं या वेळी दोघांनाही चहा दिला. माझ्या कपात साखर नव्हती, पण तो विसर होता असं मी धरून चाललो. थोरल्यांनी लिलाववाल्यांचा जबडा पेन्सिलीनं नाव घालून शेल्फवर ठेवायचा प्रयत्न केला आणि मग लक्षात आलं की या वेळी प्लास्टरचा जबडाच नाही, फाइल आहे. ते त्या रिकाम्या जागेकडे जरा वेळ बघत राहिले. मग त्यांनी तिथं माझ्या हातून मेलेला प्रोसेसर ठेवला. बुडाला माझं नाव घातलं.

मला भरून आलं. मला वाटलं, हीच वेळ. म्हटलं, "थोरले, एका अर्थी मी तो उपटला म्हणूनच हे सगळं इतकं छान जमून आलं, नाही का? आता या खोलीत प्लास्टर उडणार, पंख्यात पुन्हा धूळ साचणार. सहा महिन्यांनी साफ करायला मी येऊ?"

थोरल्यांनी मेणाची सळई गॅसवर धरली.

"या," ते म्हणाले, "पण हात घरी ठेवून या."